कोटा गेला

ही गोष्ट मी कुणालाही पूर्ण सांगितलेली नाही. बायकोला अर्धी सांगितली होती, आणि ती अर्धीही अशी निवडून सांगितली की ऐकणाऱ्याला माझीच कीव यावी. तिला आली. ती आता नाही. वय झाल्यामुळे सांगायला मोकळा झालो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मोकळा मी तेव्हाही होतो. टाळत राहिलो, एवढंच.

मी मुलाकडे राहतो, अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत. सकाळी उन्हं तापायच्या आत एक फेरी मारायची, मग दिवसभर एसीच्या आवाजात बसायचं. नात अर्थशास्त्र शिकते. मागच्या महिन्यात ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली.

"आजोबा, यू वर्क्ड इन डेअरी, राइट?"

तिला प्रोजेक्ट होता. युरोपने दुधाच्या उत्पादनावरची मर्यादा काढून टाकली, त्यानंतर दूध उद्योगाच्या स्पर्धेचं काय झालं, हा विषय. मी म्हटलं, बस. मी मराठीत सांगत होतो, ती इंग्रजीत टाइप करत होती. मी सांगितलं, तिकडे कित्येक वर्षं प्रत्येक शेतकऱ्याला ठरवून दिलेलं असे की तू एवढंच दूध काढायचं. जास्त काढलंस तर दंड. त्यालाच कोटा म्हणत. हेतू असा की दूध फार होऊ नये आणि भाव पडू नये. मग ती मर्यादा उठली. ज्यांच्याकडे हिरवं कुरण होतं, पाऊस होता, मोठे गोठे होते, त्यांनी गायी वाढवल्या. दूध वाढलं, त्याची पावडर झाली, पावडर जगभर निघाली, भाव खाली आला. ज्याचा खर्च कमी तो टिकला. लहान होते ते तिकडेही बसले.

"सो द एफिशियंट वन्स वोन," नात म्हणाली.

"हो."

"अँड हिअर? इन यूएई?"

"इथे पावडर स्वस्त झाली," मी म्हटलं.

तिने तेवढं टाइप केलं, "खलास, थँक यू आजोबा" म्हणून माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि गेली. मी जे सांगितलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी ती गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

तेव्हा मी अजमानला राहत होतो. एका मध्यम आकाराच्या डेअरीत दूध खरेदी माझ्याकडे होती. आमचं बरंचसं दूध आसपासच्या लहान गोठ्यांतून यायचं. अजमानहून आत डोंगराच्या दिशेने गेलं की सपाट वाळूत मध्येच पत्र्याच्या छपरांची रांग दिसायची. तिथे आबांचा गोठा होता. जमीन एका स्थानिक मालकाची, अरबाबाची. परवाना त्याच्या नावावर. गायी आणि मेहनत आबांची. आबा सांगलीकडचे. इमारतीच्या कामावर मजूर म्हणून आले, कुणाच्या तरी फार्मवर दूध काढायला लागले आणि हळूहळू स्वतःचा गोठा उभा केला. वयाने माझ्याएवढेच. मला ते साहेब म्हणत, मी त्यांना आबा. दोघांनीही ते कधी बदललं नाही.

वाळवंटात गाय पाळणं म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळत नाही. चारा बाहेरून आणायचा, पाणी टँकरने. छपराखाली मोठाले पंखे आणि पाण्याचे फवारे सतत चालू. पंखे बंद पडले की गायी जिभा बाहेर काढून उभ्या राहतात आणि संध्याकाळचं दूध निम्म्यावर येतं. आबा फवाऱ्याखालीच खुर्ची टाकून बसत. कपडे कायम दमट. म्हणत, "साहेब, कोकणात राहिल्यागत वाटतंय."

गायींना त्यांनी नद्यांची नावं दिली होती. सगळ्या आपल्याकडच्या नद्या. गोठ्यावरचे बंगाली कामगार त्या नावांचे उच्चार करताना अशी वाट लावत की आबा हसून हसून खाली बसत.

त्यांची एकच आस होती. गोठा एवढा मोठा व्हावा की गावाकडून मुलाला बोलावून घेता येईल. मुलगा तिकडे एका दुकानात कामाला होता. "त्याला इथं आणतो, गोठा त्याच्या हातात देतो आन् मी जातो परत," असं ते म्हणत. दर भेटीत म्हणत. मला पाठ झालं होतं.

युरोपचा कोटा उठणार हे आमच्या ऑफिसात आधीपासून माहीत होतं. पावडर स्वस्त होणार हेही. प्लांटमध्ये पावडर पाण्यात मिसळून दूध बनवायची नवी लाइन टाकायचं ठरलं. मग गोठ्यांचं महाग दूध कशाला? पण लाइन चालू व्हायला वेळ होता, आणि मध्ये रमझान येत होता. रमझानात इथे लबन, म्हणजे आपलं ताक, आणि दही यांना प्रचंड मागणी असते. आमचे जनरल मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाले, "फार्मवालों को अभी कुछ मत बोलना. रमझान तक दूध चाहिए. उसके बाद देखेंगे."

मान हलवणाऱ्यांत मी होतो.

त्यानंतर काही दिवसांनी मी आबांकडे गेलो. हिवाळा संपत आला होता, सकाळची हवा अजून बरी होती. गाडीत मी मनाशी एक तोडगा काढला होता. डेअरीचा बेत सांगायचा नाही, कारण मनाई आहे. फक्त बातमी सांगायची. युरोपात काय झालं ते. अर्थ आबा लावतील, हात आखडता घेतील, आणि मी सांगितलं असं कुणाला म्हणता येणार नाही. हा तोडगा मला त्या वेळी फार शहाणपणाचा वाटला होता.

आबा एका वासराला बादलीने दूध पाजत होते.

"आबा, ऐकलंत का? युरोपातला दुधाचा कोटा गेला."

"गेला?"

"गेला. काढूनच टाकला."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

आबांनी बादली खाली ठेवली. चेहऱ्यावर आधी हळहळ आली, मग तिच्यातूनच हसू फुटलं. "अरारा! मग बसले म्हणा की हात चोळत. आमच्या गावात रेशनवाल्याचा कोटा गेलता एकदा. दिवाळीपर्यंत दुकानाला कुलूप. आता तिकडनं पावडर कुठली यायला? तुमच्या डेअरीला आता आमच्याच दाराशी यावं लागतंय बघा."

क्षणभर मला ते काय बोलतायत ते समजलं नाही. मग समजलं. आपल्याकडे कोटा म्हणजे वाट्याला येणारं धान्य, साखर, रॉकेल. कोटा आला की दुकान उघडतं, गेला की बंद. कोटा जाणं हे वाईटच. त्यांच्या मनात युरोपच्या शेतकऱ्याचा वाटा गेला होता. माझ्या बातमीत त्याच्या गळ्याचा दोर सुटला होता. शब्द एकच, आणि आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना उभे.

"तसं नाही, आबा," एवढं म्हणायचं होतं. पुढची दोन वाक्यं मला सहज सुचली असती. मी रोज लोकांना समजावून सांगण्याचाच पगार घेत होतो.

आबा वासराच्या तोंडाचा फेस पुसत म्हणाले, "मग आता जनावरं वाढवायला हरकत न्हाई, काय साहेब?"

"बघू," मी म्हणालो.

मराठीत बघू हा फार सोयीचा शब्द आहे. म्हणणाऱ्याचा नकार असतो, ऐकणाऱ्याला होकार वाटतो. आबांनी होकार ऐकला. मी बघू म्हणताना मला ते ठाऊक होतं. रमझानात दूध वाढून हवं होतं, आणि समोरचा माणूस आपण होऊन वाढवतो म्हणत होता.

चहा पिऊन मी निघालो. त्यांनी दह्याचा डबा गाडीत ठेवला, नेहमीसारखा.

अल ऐनच्या बाजूला एक गोठा बंद होत होता. आबांनी तिथल्या कालवडी आणि गाभण गायी उचलल्या. छप्पर वाढवलं, पंखे वाढवले. पुढच्या भेटीत मी पोचलो तेव्हा ते नव्या जनावरांत उभे होते.

"साहेब, पंचाईत झाली. नद्या संपल्या."

"मग?"

"आता धरणांची नावं ठेवतोय. ती बघा, ती मोठ्या पोटाची, ती कोयना. भुईला हादरे देती चालताना."

मी हसलो. खूप हसलो. त्या दिवशीही सांगता आलं असतं. जनावरं परत फिरवता आली असती किंवा नसती, पण शेजाऱ्यांचं तरी वाचलं असतं. कारण आबांनी एव्हाना बातमी पसरवली होती. शेजारच्या गोठ्यावर एक पठाण होता, उंच, कमी बोलणारा. त्यानेही आबांचं ऐकून गायी घेतल्या होत्या. मी गाडीकडे जाताना त्याने लांबूनच छातीला हात लावून सलाम केला. "साहब, आपकी खबर अच्छी थी. अल्लाह खैर करे." मी पण छातीला हात लावला.

रमझान छान गेला. आमच्याकडे दूध कमी पडलं नाही. जनरल मॅनेजरांनी माझं कौतुक केलं.

मग नवी लाइन चालू झाली. पावडर येऊन पडली, पोतीच्या पोती, इतकी पांढरी आणि कोरडी की गोदामात शिरलं की नाकात बसायची. चवीत फरक होता, पण थंड केल्यावर फारसा कळायचा नाही. डब्यावर पावडरपासून बनवलेलं असं बारीक अक्षरांत छापलेलं असे. दुकानात भाव कमी दिसायचा आणि लोक तेच उचलायचे. मीही घरी तेच न्यायला लागलो, हे इथे लिहायला हवं.

सगळ्या गोठ्यांना कळवायचं ठरलं की यापुढे प्रत्येकाकडून ठरावीकच दूध घेतलं जाईल, त्यावरचं घेतलं जाणार नाही. आबांकडे मी स्वतः गेलो. उन्हाळा भरात होता. फवाऱ्याचं पाणीसुद्धा कोमट येत होतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"म्हणजे आम्हाला कोटा लावला म्हणा की."

"तसंच काहीसं."

"पर तुम्ही तर म्हणलासा कोटा गेला."

"गेला ना."

"मग हा कुठनं आला? तिकडचा उठला तो इकडं येऊन बसला व्हय?"

आजवर दूध धंद्यावर मी जितकी भाषणं ऐकली त्यांत याच्याइतकं नेमकं वाक्य ऐकलं नाही. पण आबा थट्टा करत नव्हते. खरोखर विचारत होते. आणि मग मी ते केलं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय.

मी त्यांना समजावून सांगितलं. सावकाश, चांगल्या शब्दांत. कोटा म्हणजे तिकडे मर्यादा असते, रेशनसारखा वाटा नव्हे. मर्यादा गेली म्हणजे दूध वाढलं, पावडर स्वस्त झाली, आता तिच्याशी आपली स्पर्धा आहे. मी असं बोलत होतो जणू आबांचा गैरसमज मला त्याच मिनिटाला कळला होता. मध्ये एकदा "अरेच्चा, तुम्ही तसं समजलात होय?" असंही म्हणालो. माझ्या तोंडून ते शब्द किती सहज आले.

 आबांनी कपाळावर हात मारला. "रेशनचं डोकं आमचं. तुम्ही सरळ सांगितलं हुतं. आम्हीच उलटं घेतलं."

"जाऊ द्या आबा," मी म्हणालो. माफ केल्यासारखं म्हणालो.

पठाण कुंपणापाशी आला होता. त्याला कळलं होतं. त्याने आबांना म्हटलं, "तुम्हारे साहब ने तो बोला था."

"साहब ने सही बोला," आबा म्हणाले. "मैं गलत समझा. मेरे को गाली दो, उनको मत दो."

पठाणाने शिवी दिली नाही. तो वळून गेला. ते जास्त वाईट होतं.

पुढचं भराभर झालं. वरचं दूध खपवायला आबांनी खूप धडपड केली. एका टेम्पोत बर्फ भरून बर दुबईला नेलं, देवळाच्या गल्लीतल्या आणि मीना बाजारातल्या दुकानांत फिरले. दुकानदार चव घेऊन वाहवा करायचे आणि स्वस्त डबाच ठेवायचे. उरलेलं दूध कामगारांच्या कॅम्पात गेलं. आपल्याकडची पोरं, रत्नागिरीची, बीडची, काही दिवस रोज खीर खाऊन झोपली. त्यांनी आबांना दुवा दिला. पण गाय रोज दूध देते, तिला थांब म्हणता येत नाही. मग छपरामागच्या वाळूत दूध ओतायला लागले. वाळू ते पिऊन टाकायची आणि वर पापडी धरायची. त्या जागेचा आंबूस वास मला गाडीत बसल्यावरही यायचा.

आधी नवी जनावरं गेली, मग जुनी. काही दुसऱ्या फार्मवर गेली, बाकीची कुठे गेली ते आबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ट्रकमध्ये चढवताना त्यांनी कुणालाही नावाने हाक मारली नाही, असं त्यांचा बंगाली गडी मला नंतर म्हणाला. मुलगा कधीच आला नाही. यायला काही उरलं नव्हतं.

परत जाण्याआधी आबा देवदर्शनाला बर दुबईला आले. मला फोन केला, म्हणून मीही गेलो. दर्शन झालं. मग खाडीच्या काठावर कागदी कपातला कडक चहा घेत उभे राहिलो. त्यांना अब्रेने, म्हणजे खाडीतल्या होडीने, पलीकडे जायचं होतं, तिथून बस. कपडे पहिल्यांदाच कोरडे दिसले. त्यामुळे ते अनोळखी वाटत होते.

मी ठरवून आलो होतो. आज सांगायचं. वाक्यही तयार होतं.

आबाच आधी बोलले. "साहेब, एक मनात हाय. माझ्यामुळं तुमचं नाव खराब झालं. लोक म्हणाले डेअरीवाल्यानं फसवलं. मी एकेकाला जाऊन सांगितलंय, चूक माझी हाय, मला शब्द कळला न्हाई. तरी मनात काही ठेवू नका. माफी असावी."

आणि त्यांनी हात जोडले. चहाचा कप दोन्ही हातांच्या मध्ये.

मी त्यांचे हात धरले. म्हणालो, "असं काय करता आबा." एवढंच म्हणालो. अब्रेवाला ओरडत होता, "यल्ला, यल्ला!" लोक चढत होते. आबा उतरत्या वयातल्या माणसासारखे जपून होडीत उतरले आणि फळीवर बसले. होडी मधोमध गेल्यावर त्यांनी हात वर केला.

एवढी मोठी खाडी नाही ती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

नंतर दर दिवाळीला मी फोन करत असे. आबा गावात दोन म्हशी बाळगून होते, दूध संघाला घालत होते. एकदा हसत म्हणाले, "गावात मला काय म्हणत्यात ठाऊक हाय? कोटा. 'कोटा आला रं' म्हणत्यात पोरं. मीच सांगितली ना गंमत त्यास्नी, दुबईत कसा फसलो ती. शाळा कमी पडली म्हणलं." मागे कुणीतरी तो शब्द ओरडल्याचं आणि हसल्याचं मला फोनमध्ये ऐकू आलं. आबाही हसले. मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, तुमची साखर कशी आहे, आणि आम्ही साखरेवर बोललो.

गेल्या दिवाळीला फोन त्यांच्या मुलाने उचलला. आबा पावसाळ्यात गेले होते. मुलगा फार सभ्य आहे. म्हणाला, "काका, ते तुमची आठवण काढायचे. म्हणायचे, साहेबांनी मला एकदा नीट सांगितलं होतं, माझंच चुकलं."

मुलालाच सांगावं असं वाटलं. तोंडही उघडलं. मग त्याच्या आवाजात आबांचा आवाज ऐकू आला आणि मी म्हटलं, "चांगला माणूस होता." फोन ठेवला.

नातीच्या प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. तिने मला शेवटचं पान वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की मर्यादा गेल्यावर जे तयार होते ते पुढे गेले, आणि ज्यांना बदलाची माहिती वेळेवर मिळाली नाही ते मागे पडले. मी म्हटलं, "छान लिहिलंयस." आज तिला हे वाचायला देणार आहे. मराठी तिला अडखळत वाचता येतं. कोटा शब्दापाशी ती थांबेल, अर्थ विचारेल, आणि मी तिला दोन्ही अर्थ सांगेन.

खाडीच्या काठावर तयार असलेलं वाक्य अजून जसंच्या तसं आहे. ते असं होतं: आबा, तुम्हाला शब्द उलटा कळलाय, हे मला त्या सकाळीच कळलं होतं, तुम्ही बादली खाली ठेवलीत तेव्हाच. चूक तुमची नाही. मला माफ करा.